विद्यापीठाचे दप्तर कोणाचे?

(हर्सूल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हर्सूलला लागून असलेल्या सुरेवाडीत मे २०१७ मध्ये पोलिसांनी एका घरावर छापा घातला. त्या घरात अभियांत्रिकीचे दोन डझनांहून अधिक विद्यार्थी विद्यापीठाच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका लिहीत बसलेले आढळले. त्या विषयाची परीक्षा आदल्या दिवशीच केंद्रावर होऊन गेली होती. अटका झाल्या, वृत्तपत्रांत मथळे झळकले आणि पुढे बरेच दिवस विद्यार्थ्यांच्या ढासळत्या नीतिमत्तेवर चर्चा रंगली. परंतु उत्तरपत्रिकेला पाय नसतात. परीक्षा संपल्यापासून तपासनिसाच्या हाती पडेपर्यंत ती ज्या ज्या टप्प्यातून जाते, त्या प्रत्येक टप्प्यावर कोणत्या तरी नोंदवहीत आकडा लिहिला जातो आणि त्याखाली कोणाची तरी सही होते. ती नोंदवही कोणाच्या मालकीची, ती कोणी पाहू शकतो आणि पाहू दिली नाही तर त्याचे नुकसान कोणाला सोसावे लागते, हा नीतिमत्तेच्या चर्चेत बाजूला पडलेला प्रश्न आजचा विषय आहे.

दप्तर हे कचेरीचे असते, ही समजूत या देशात फार जुनी आहे. इंग्रजांनी १९२३ साली शासकीय गुपितांचा कायदा केला आणि सांगणे हा अपराध, न सांगणे हा शिरस्ता असे कारभाराचे वळण पडले. निजामी राजवटीत मराठवाड्याच्या प्रजेला तर दरबारी कागद डोळ्यांनी पाहण्याचीही सोय नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपली. कचेरीची सवय मात्र तेवढ्या लवकर संपली नाही.

या सवयीला पहिला मोठा तडा एका समाजवादी नेत्याच्या खटल्यात गेला, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. राजनारायण यांनी इंदिरा गांधी यांच्या निवडणुकीला आव्हान दिले तेव्हा पंतप्रधानांच्या दौऱ्यांसंबंधीच्या सरकारी नियमपुस्तिकेची मागणी केली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९७५ मध्ये लागलेला निकाल त्या पुस्तिकेपुरता राजनारायण यांच्या बाजूचा नव्हता. तो मुद्दा न्यायालयाने पुनर्विचारासाठी परत पाठवला. परंतु सत्ताधाऱ्यांनी सार्वजनिक नात्याने केलेली प्रत्येक कृती जाणून घेण्याचा जनतेला अधिकार आहे, हे तत्त्व न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी त्या निकालात स्वच्छ शब्दांत मांडले. तत्त्वाचा कायदा होण्यास मात्र तीस वर्षे लागली. राजस्थानातील मजुरांनी १९९४ पासून जनसुनावण्या घेऊन हजेरीपटांच्या नकला मागितल्या. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने २००२ चा राज्य कायदा आला आणि अखेरीस १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णपणे अमलात आला.

या कायद्याची चौकट साधी आहे. दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पचा अर्ज करावयाचा. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही शुल्क नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही. जन माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर दिले पाहिजे. मुदत उलटली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. नकार दिला तर तो योग्य होता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते, अर्जदारावर नसते. विनाकारण विलंब केल्यास दिवसाला अडीचशे रुपयांप्रमाणे पंचवीस हजारांपर्यंतचा दंड त्याच्या खिशातून वसूल होऊ शकतो. कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ या चौकटीबाहेर नाही, याविषयी कोठेही दुमत नाही.

मग विद्यापीठाचाच विचार स्वतंत्रपणे का करावयाचा? कारण मराठवाड्यात विद्यापीठ ही केवळ पदव्या देणारी कचेरी कधीच नव्हती. निजामाच्या काळात येथील मुलाला पदवीसाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले. खेड्यापाड्यांतील दलित मुलांना त्यामुळे पहिल्यांदा उच्च शिक्षणाचे दार उघडले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, जी घरे जळाली, त्यांची आठवण अजून विझलेली नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत साडेपंधरा वर्षे लोकांनी सत्याग्रह केले, तुरुंगवास भोगला, प्राणही दिले. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी एवढी किंमत मोजली गेली, त्याच्या आतील कागद त्याच माणसांच्या मुलांना पाहता येऊ नयेत, हे त्या संघर्षाशी विसंगत आहे. नामांतराची लढाई सन्मानाची होती आणि दप्तराची लढाई हा तिचाच पुढचा भाग मानला पाहिजे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर गुप्ततेलाही एक किंमत असते आणि ती सर्वांना सारखी पडत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुराचा मुलगा पदवीच्या शेवटच्या सत्रात एका विषयात नापास झाला असे धरा. आपल्याला चुकून नापास केले आहे, अशी त्याची खात्री आहे. उत्तरपत्रिका पाहण्यासाठी त्याला जिल्ह्याच्या गावाहून विद्यापीठात खेटे घालावे लागतात. प्रत्येक खेपेला प्रवासखर्च आणि एक दिवसाची मजुरी बुडते. निकाल दुरुस्त होईपर्यंत पदव्युत्तर प्रवेशाची किंवा भरतीच्या अर्जाची मुदत निघून जाते. वर्ष वाया गेले की घरून निरोप येतो, ‘आता कारखान्याची उचल घे.’ दुसरीकडे ज्या टेबलावर त्याचा अर्ज पडून असतो, तेथील पगारात एक पैशाचाही फरक पडत नाही. शहरातील सुस्थितीतील पालक वकील गाठतो, ओळखीचा प्राध्यापक गाठतो; त्याला माहितीच्या अधिकाराची गरजच भासत नाही. ज्याच्यापाशी ओळख नाही त्याच्यासाठी कायदा हीच ओळख आहे. कागद दडवल्याने जो वाचतो तो आणि जो भरडला जातो तो, हे एकाच वर्गातले नसतात. म्हणून माहितीचा प्रश्न हा वाटपाचा प्रश्न आहे, हे समाजवादी कार्यकर्त्याला वेगळे पटवून देण्याची गरज पडू नये.

उत्तरपत्रिकेच्या बाबतीत तर कायद्याची स्थिती आता निःसंदिग्ध आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्था अनेक वर्षे सांगत असत की, तपासनीस आणि संस्था यांच्यातील नाते विश्वासाश्रित आहे, म्हणून तपासलेली उत्तरपत्रिका दाखविता येत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. परीक्षार्थी आपली उत्तरपत्रिका पाहू शकतो आणि तिची प्रत घेऊ शकतो, असा निर्णय झाला. तपासनिसाचे नाव मात्र मागता येत नाही. त्याच्या सुरक्षिततेच्या कारणाने ते झाकले जाते आणि ते रास्तही आहे. शुल्काचा प्रश्नही २०१९ साली कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात सुटला. ती संस्था स्वतःच्या नियमाने एका विषयाच्या प्रतीसाठी पाचशे रुपये मागत होती. संस्थेचा नियम आणि माहितीचा अधिकार असे दोन मार्ग उपलब्ध असतील तर कोणता घ्यावयाचा हे अर्जदाराने ठरवावे आणि दुसरा मार्ग घेतल्यास त्याच कायद्याचे शुल्क लागू होईल, असे न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्रात तो दर पानाला दोन रुपये आहे.

तथापि येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी की, माहितीच्या अधिकाराने प्रत मिळते, पुनर्मूल्यांकन मिळत नाही. त्यासाठी विद्यापीठाच्या नियमांतील स्वतंत्र अर्ज ठरलेल्या मुदतीतच द्यावा लागतो. केवळ माहितीचा अर्ज टाकून स्वस्थ बसणारा विद्यार्थी दोन्हीकडून फसतो. दुसरी सावधगिरी त्याहून महत्त्वाची आहे. उत्तरपत्रिका कायम जपल्या जात नाहीत. ठरावीक काळाने त्या रद्दीत जातात. पाहण्याचा हक्क उत्तरपत्रिका अस्तित्वात असेपर्यंतच टिकतो, हेही २०११ च्याच निकालात म्हटले आहे. आता हिशेब मांडून पाहावा. अर्जाला तीस दिवस, पहिल्या अपिलाला तीस ते पंचेचाळीस दिवस आणि दुसरे अपील राज्य माहिती आयोगापुढे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी महाराष्ट्राच्या आयोगापुढे प्रलंबित अपिले व तक्रारींची संख्या एक लाखाच्या वर होती. न्याय मिळावयास वर्षे लागणार आणि कागद मात्र काही महिन्यांतच नष्ट होणार! कागद उरलाच नाही तर आयोगाने आदेश देऊनही उपयोग काय?

यावर कायद्यातच एक उपाय आहे आणि तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. ज्या माहितीसाठी अर्ज आला आहे ती नष्ट करणे, हे कलम २० खाली दंडास पात्र कृत्य आहे. म्हणजे अर्ज दाखल झाला की त्या कागदाभोवती कायद्याचे कुंपण पडते. म्हणून निकाल लागल्याच्या आठवड्यातच अर्ज गेला पाहिजे आणि ‘या अर्जाचा अंतिम निर्णय होईपर्यंत संबंधित अभिलेख जतन करावा’ हे वाक्य त्यात लिहिलेले असले पाहिजे. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. एवढे वाक्य त्यात सहज मावते.

अर्जाचे सामर्थ्य एका विद्यार्थ्याच्या गुणांपुरते नसते. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये पुरेशी तयारी न करता सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घातला. निकाल महिनोन्‌महिने रखडले, राज्यपालांनी घालून दिलेली मुदत उलटली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. प्रथम नापास ठरलेले हजारो विद्यार्थी पुनर्मूल्यांकनात उत्तीर्ण झाले, हे पुढे माहितीच्या अधिकारातील अर्जांना मिळालेल्या उत्तरांतून आकड्यांनिशी बाहेर आले. एकेका विद्यार्थ्याला आपलेच नशीब फुटके वाटत होते. आकडे एकत्र झाले तेव्हा तो दोष नशिबाचा नसून व्यवस्थेचा होता, हे दिसले. सुट्या तक्रारींचे सार्वजनिक प्रश्नात रूपांतर करणे हेच चळवळीचे काम असते आणि दप्तर हे त्या कामाचे हत्यार आहे.

असे आणखी कोणते कागद मागण्याजोगे आहेत? पहिला, बिंदुनामावलीची नोंदवही. आरक्षणाची कोणती जागा कोणत्या वर्षी रिकामी झाली आणि ती कोणत्या प्रवर्गातून भरली, याचा संपूर्ण हिशेब तीत असतो. अनुशेषावर भाषणे पुष्कळ होतात. नोंदवही वाचून बोलणारे विरळा. दुसरा, तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा हिशेब: मंजूर पदे किती, रिकामी किती, त्या जागी तासांवर किती माणसे राबतात आणि त्यांचे मानधन कोणत्या महिन्यापर्यंत दिले गेले. तिसरा, शिष्यवृत्तीचा: शासनाकडून रक्कम केव्हा आली आणि विद्यार्थ्याच्या खात्यात केव्हा पोचली, या दोन तारखांमधील अंतर. चौथा, महाविद्यालयांच्या संलग्नीकरणासाठी पाठविलेल्या समित्यांचे अहवाल. ग्रंथालय, प्रयोगशाळा, पूर्णवेळ अध्यापक हे सारे कागदावर असलेल्या आणि इमारतीत नसलेल्या महाविद्यालयांची कथा या अहवालांत सापडते. विनाअनुदानित संस्था ‘आम्हांला कायदा लागू नाही’ असे सांगतात. परंतु जी माहिती विद्यापीठ अन्य कायद्यान्वये त्या संस्थेकडून मागवू शकते, ती नागरिक विद्यापीठामार्फत मागू शकतो; माहितीची व्याख्याच कायद्याने तशी केली आहे.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. या अधिकाराचे दुकान मांडून बसलेली माणसे आहेत. अर्ज टाकावयाचा, अधिकाऱ्याला घाबरवावयाचे आणि तडजोड करावयाची, हा धंदा काही ठिकाणी चालतो. शिवाय विद्यापीठ म्हणजे केवळ कचेरी नव्हे. तेथे विचार आणि संशोधनही चालते. अमेरिकेत राज्य विद्यापीठांना त्या त्या राज्याचा सार्वजनिक दप्तराचा कायदा लागू असतो. तेथील व्हर्जिनिया विद्यापीठाकडे एका संस्थेने हवामानबदलावर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञाचा कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार मागितला. २०१४ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अप्रकाशित संशोधनविषयक पत्रव्यवहाराला संरक्षण दिले, हे योग्यच झाले. अभ्यासकाने कच्चा विचार मोकळेपणाने मांडावयाचा नाही असे ठरले तर विद्यापीठ उरणार नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी एक पथ्य पाळावे. प्राध्यापकाच्या मताच्या मागे लागू नये, त्याच्या घरात डोकावू नये; संस्थेने पैसा कसा खर्च केला, पद कसे भरले, गुण कसे दिले, निर्णय कोणत्या कारणाने घेतला, एवढेच विचारावे. ज्या अर्जाचे उत्तर सभेत सर्वांपुढे वाचून दाखविता येईल, तोच अर्ज करावा. खंडणीखोरापासून स्वतःला वेगळे ठेवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

हे पथ्य आता केवळ नैतिक राहिलेले नाही, व्यावहारिकही झाले आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलात आला. पूर्वी, जिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जी दिल्याने खासगीपणावर अनाठायी आक्रमण होईल, अशीच वैयक्तिक माहिती नाकारता येत असे. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही तेथे होती. हे सर्व गेले. ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द उरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुणे जिल्हा न्यायालयातील लिपिकभरतीच्या प्रकरणात, सार्वजनिक भरतीतील उमेदवारांचे गुण ही केवळ खासगी बाब नाही, असे ठरविले होते. तो निर्णय जुन्या शब्दांच्या आधारावर उभा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठाच्या १९७८ च्या बी. ए. च्या निकालाच्या नोंदी पाहू देण्याचा केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश रद्द केला. एकेकाळी पदवीचा निकाल फलकावर लागत असे आणि वृत्तपत्रांतही छापला जात असे. तोच निकाल आता वैयक्तिक ठरत असेल तर वारे कोणत्या दिशेने वाहते, हे सांगावयास नको. सामान्य माणसाच्या खासगीपणाचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु त्या ढालीआड भरतीची यादी लपू लागली तर ते रक्षण कोणाचे?

तरीही दार पूर्ण बंद झालेले नाही. सार्वजनिक हित हे संरक्षित हितापेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते, असे सांगणारे कलम ८ चे उपकलम २ शिल्लक आहे. कागदातील नाकारण्याजोगा भाग झाकून उरलेला देण्याची तरतूद करणारे कलम १० शिल्लक आहे. म्हणून यापुढे नावे न मागता संख्या, तारखा, प्रवर्ग आणि ठराव मागावेत. नाव अटळ असेल तेथे सार्वजनिक हित कोणते, हे अपिलात सविस्तर लिहावे. पहिले अपील हा उपचार मानू नये. ते त्याच संस्थेतील वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे असते. तेथे अर्जदार एकटा गेला तर पाच मिनिटांत बाहेर येतो, मुद्दे लिहून आणि सोबत्यासह गेला तर पुष्कळदा तेथेच कागद मिळतो.

मुळात अर्ज करण्याची पाळीच येऊ नये, असा कायद्याचा हेतू आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कायदा झाल्यापासून एकशेवीस दिवसांत सतरा बाबी आपणहून प्रसिद्ध कराव्यात, दप्तराची सूची करावी, असे कलम ४ सांगते. हर्सूलच्या बाजूने शहराला पाणी आणणारी मलिक अंबरची नहर जमिनीखालून वाहते. पण ती बांधणाऱ्यांनी ठिकठिकाणी आत उतरण्याची तोंडे ठेवली, म्हणून गाळ कोठे साचला हे पाहता येई. कलम ४ ही विद्यापीठाच्या कारभाराची तशी तोंडे आहेत. अधिसभेवर निवडून जाणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून, विशेषतः पक्षाच्या पाठिंब्याने उभ्या राहणाऱ्याकडून, एकच वचन घेतले पाहिजे. बिंदुनामावली, रिक्त पदे, शिष्यवृत्तीच्या तारखा, संलग्नीकरणाचे अहवाल आणि उत्तरपत्रिकांच्या हालचालींचा तक्ता हे दरवर्षी विद्यापीठाने आपणहून प्रसिद्ध करावेत, हा ठराव तो मांडील आणि तो मंजूर होईपर्यंत पुन्हा पुन्हा मांडीत राहील.

तोपर्यंत काम तालुक्याच्या पातळीवर आहे. विद्यापीठाच्या कक्षेतील छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांत निकालाच्या दिवसांत प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी दोन कार्यकर्त्यांनी जोडपत्र ‘अ’ चे कोरे नमुने घेऊन बसावे. विद्यार्थ्याकडून अर्ज भरून घ्यावा, पोच जपावी आणि तिसाव्या दिवसाची तारीख वहीत लिहून ठेवावी. पहिल्या वर्षी शंभर अर्ज झाले तरी पुरे आहेत. शंभर उत्तरे एका टेबलावर आली की कोठे चूक वारंवार होते हे दिसू लागेल आणि जो मुलगा कारखान्याच्या उचलीचा विचार करीत घरी बसला आहे, त्यांच्यापैकी काहींचे वर्ष तरी वाचेल.